पंगतीतलं पहिलं पान

"कोडंच चुकीचं असेल, तर उत्तर येणार कुठून, बुवा?"

हेरंबने पाटी खाली ठेवली. जरा आपटलीच.

निरंजनबुवा पूर्वी कोर्टात वकिली करत. आता नदीकाठच्या मठात राहतात. कायद्याच्या प्रवेश परीक्षेला बसणारी मुलं त्यांच्याकडे कोडी सोडवायला येतात.

हेरंबचा प्रवेश दोनदा हुकला होता. वडिलांनी बजावलं होतं, बुवा हो म्हणाले तरच यंदा फॉर्म. नाहीतर दुकानात बसायचं.

"वाच कोडं."

"चार जण एका ओळीत जेवायला बसले. बुवा, वकील, व्यापारी, मोची. मोच्याशेजारी वकील बसत नाही. व्यापारीही बसत नाही. ओळ लावा."

"आकृती दाखव."

पाटीवर चार चौकोन होते. पहिल्यात 'बु'. पुढचे तीन पुसून पुसून पांढरे झालेले.

"मोच्याला कुठेही बसवा, शेजारी वकील नाहीतर व्यापारी येतोच. सगळं करून पाहिलं. क्लासमध्ये आकृत्यांत माझा हात कोणी धरत नव्हतं."

"मग इथे कशाला आलास?"

बुवांनी पाटी जवळ ओढली.

"तीन चौकोन पुसलेस. पहिला का नाही?"

"तो कशाला पुसायचा? पंगतीत पहिलं पान बुवांचंच."

"कोड्यात लिहिलंय?"

"लिहायला कशाला हवं? रीतच आहे ती."

बुवांनी पाटी परत दिली.

"दोन महिने इथे जेवतोस. मी कुठे बसतो?"

"पहिल्या पानावर."

"पाहिलंस?"

 

जेवणाची घंटा झाली. बुवा उठले. हेरंब पाटी काखेत मारून मागोमाग गेला.

पहिल्या पानावर देऊबा बसला होता. मठाच्या दारात चपला शिवणारा. बोटं पॉलिशने काळी. त्याच्या शेजारी, दुसऱ्या पानावर, बुवा टेकले. देऊबाने न बघताच त्यांना जागा करून दिली. रोजचंच असावं.

हेरंब रोज आपलं पान तेवढं शोधायचा. खाली मान घालून जेवायचा.

तो उभाच राहिला…

मग काखेतली पाटी काढली. पहिला चौकोन पुसला. 'मो' लिहिलं. दुसऱ्यात 'बु'. पुढचे दोघे आपोआप बसले.

"सुटलं, बुवा."

"हं."

"बाबांना काय सांगू? फॉर्म…"

"भरू दे म्हणावं."

हेरंबने ओळीवरून नजर फिरवली. शेवटचं पान, त्याचं नेहमीचं, आज कोणीतरी घेतलं होतं. मध्ये दोन-तीन पानं मोकळी होती. एक बुवांच्या शेजारी. देऊबाच्या पलीकडे भिंतीपर्यंत जागा होती, पान मांडलेलं नव्हतं. वाढपी भाताचं पातेलं घेऊन खोळंबला.

"बस की लवकर," वाढपी म्हणाला.

"बुवा, मी कुठे बसू?"

बुवांनी पानाभोवती पाणी फिरवलं.

"अट कोणी घातलीय?"