हरेल तो उठेल

जुन्या मशीननं नव्याला कसं झोपवलं, ते सांगते.

शेवंताबाईंच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात मशीन बनवणाऱ्या कंपनीचे साहेब नवं मशीन घेऊन आले. म्हणाले, "बाई, तुमचं जुनं आणि हे नवं शेजारी लावू. पोरं माझ्याकडं वळली तर दुकान माझं."

"चालेल. नियम मात्र माझा. हरेल तो उठेल."

चित्रं बघून पोरं नव्याकडंच धावली. पण त्यातला गडी मेला तरी पुन्हा जिवंत व्हायचा. मग बसलेलं पोरगं हरणार कधी आणि उठणार कधी? जुन्यावर दोघांची झुंज, पाच मिनिटांत एकजण उठायचाच. सगळी रांग तिकडं सरकली.

साहेब चिडले, "माझं मशीन दसपट भारी आहे!"

"असू दे की. पंगतीत ताट मिळेना, तर तुमचं पक्वान्न काय वासावर खायचं?"