कूस पालटायच्या वशाची कहाणी

हातांत अक्षता घ्या, बायांनो, आणि नीट बसा. पाय आखडला तर हलवा, अंग अवघडलं तर सरका. बाकीच्या कहाण्यांना चुळबुळ चालत नाही, या कहाणीत चुळबुळीलाच पुण्य आहे.

आटपाट गाव होतं. गावाला नदी होती, नदीला चिकणमाती होती, मातीला कुंभार होते. त्यांत एक लखू कुंभार, त्याची बायको गोजरा आणि लखूची आई भिवराबाई. गोजरा कामाला वाघीण. माती तुडवी, मडकी भाजायचा आवा रची, आणि घराची कौलं शाकारायची वेळ आली की पदर खोचून छपरावर चढे.

एका वर्षी काय झालं? वैशाख वद्य नवमी होती. गोजरा शाकारून खाली उतरली होती. भिवराबाई अंगणातून वर बघून म्हणाली, "गोजरे, त्या टोकाचं एक कौल हललंय बघ. जा, तेवढं सारखं करून ये." गोजरा पुन्हा चढली. टोकाचा वासा कुजका होता. तो कडकन् मोडला आणि गोजरा पाठीवर पडली. जीव वाचला, पण कंबरेखालचं अंग गेलं. चिमटा काढला तर कळेना, पाय ओढला तर हलेना, लघवीला झाली तर उमजेना.

मग वैद्य आला. त्यानं पाठ चाचपली, पावलांना काडी लावून पाहिली, आणि म्हणाला, "कण्यातली शीर तुटली. हाड जुळेल, ही जुळत नाही. पाय परत यायचे नाहीत. पण बाई जगेल, वसा पाळला तर."

लखू म्हणाला, "कसला वसा, ते सांगा."

"ज्या अंगाला दुखणं कळत नाही, त्याची राखण डोळ्यांनी करायची. बसलेलं अंग घटकेघटकेला उचलावं, निजलेली कूस पालटावी. सकाळ-संध्याकाळ उघडून निरखावं. ओलं असेल ते कोरडं करावं. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये."

मग लखूनं काय केलं? इवलीशी वाटी घडवली, तिच्या बुडाला सुईएवढं भोक ठेवलं. घंगाळातल्या पाण्यावर सोडली की घटकाभरात ती बुडे. वाटी बुडाली की गोजरा दोन्ही तळहात टेकून अंग उचली, थोडं थांबे, मग पुन्हा बसे. बसायला लखूनं चाकं लावलेला पाट केला. त्यावरून ती अंगणभर फिरे, पणत्या करी, माठांवर नक्षी काढी, गिऱ्हाइकांशी घासाघीस करी. रात्री लखू तिची कूस पालटी. पाठ तिची तिला दिसत नसे, ती लखू पाही. तो माठ घेऊन बाजाराला गेला की त्या दिवशी पाहणं राहून जाई. एक वर्ष गेलं, दोन गेली, बारा गेली. कधी काही चुकलं नाही असं नव्हे. एकदा आव्यातला निखारा टाचेवर पडला आणि करपल्याचा वास आला तेव्हा तिला कळलं. पण गोजरा टिकली. हसली, भांडली, रुसली, संसार केला.

भिवराबाई मात्र आतून जळत होती. मीच तिला वर धाडलं, हे तिच्या मनातून जाईना. सुनेचे ती केस धुवी, वेणी घाली, ताट वाढी, पण तिच्या पाठीकडे बारा वर्षांत एकदाही पाहिलं नाही. धीरच झाला नाही. दर वर्षी ती नवमी आली की घरात चूल पेटत नसे. शेजारणी येत, गोजरेभोवती बसत, डोळ्यांना पदर लावत, "काय ही दशा गं बाई" म्हणत. जित्या बाईच्या घरी सुतक! गोजरेला वाटे, अगं, मी मेले कुठं? पण सासूचं तोंड बघून ती गप्प राही.

मग बारावी नवमी आली. लखू माठ घेऊन लांबच्या जत्रेला गेला होता. भिवराबाई म्हणाली, "गोजरे, एक तप भरलं. आता देवीला सोडायचं नाही. आज सकाळपासून उद्या सकाळपर्यंत देवळात धरणं धरायचं. एका आसनावर बसायचं, तसूभर हलायचं नाही. देवी पाय देईल."

"आत्याबाई, मला हलावं लागतं हो."

"एका दिवसानं काय होतंय?"

काय होतंय ते गोजरेला ठाऊक होतं. पण म्हातारी वाकली आणि तिनं सुनेच्या त्या बधिर पावलांवर डोकं ठेवलं. मग गोजरेच्यानं नाही म्हणवेना. आणि खरं सांगू का बायांनो, तिलाही मनाच्या कोपऱ्यात वाटलं, कोण जाणे, देईलही.

वाटी घरी राहिली. गोजरा देवळाच्या फरशीवर बसली. एक प्रहर बसली, काही दुखलं नाही. चार प्रहर बसली, काही दुखलं नाही. आठ प्रहर बसली, काही दुखलं नाही. दुखणार कसं? दशमीचा सूर्य उगवला. पाय होते तसेच होते. भिवराबाई देवीवर रुसली आणि नारळ न फोडताच सुनेला घेऊन घरी आली.

तिसऱ्या दिवशी गोजरेला हुडहुडी भरली. चौथ्या दिवशी ताप चढला. पाचव्या दिवशी घरात कुजका वास सुटला. भिवराबाईला वाटलं, उंदीर मेला. उतरंडीमागं शोधला, माळ्यावर शोधला, कणगीखाली शोधला. सुनेच्या पाठीशी काही शोधलं नाही.

इतक्यात दारात एक म्हातारी आली. म्हणाली, "बाई, तहानलेय, पाणी दे."

भिवराबाईनं तांब्या दिला आणि तिला रडूच कोसळलं. "आई, माझी सून चालली. देवीचं व्रत केलं, देवी पावली नाही."

म्हातारीनं तांब्या खाली ठेवला. "व्रत केलंस का मोडलंस? बारा वर्षं ही पोर घटकेघटकेला अंग उचलत होती, तो माझाच वसा होता. तू तो मोडायला लावलास, आणि तोही माझ्याच देवळात!"

भिवराबाईनं ओळखलं, ही कोण ते. तिनं पाय धरले. "चुकले, आई. मीच तिला छपरावर धाडलं गं. तिचे पाय दे, हवं तर माझे घे."

देवी म्हणाली, "तुटलेली शीर मी सांधत नाही. पाय गेले ते गेले. राहिलंय ते आता जायला बसलंय. ऊठ, तिला कुशीवर घे आणि पाठ बघ."

"मला बघवत नाही."

"तिला दिसत नाही, तुला बघवत नाही. मग बघायचं कुणी?"

एवढं बोलून देवी गेली. पाणी प्यायलीच नाही.

मग भिवराबाई उठली. सुनेला कुशीवर घेतलं, लुगडं सोडलं. माकडहाडावर तळहाताएवढी जखम, कडेनं काळी, आत पू. म्हातारी रडत बसली नाही, धावत जाऊन वैद्याला घेऊन आली. वैद्यानं सडलेलं कापून काढलं, उकळून निवलेल्या पाण्यानं धुतलं. म्हणाला, "आता बसवायचं नाही, उताणं निजवायचं नाही. या कुशीवर, त्या कुशीवर, पालथी. जखम तळापासून भरत वर येईल. तिला घाई करू नका."

लखूला जत्रेत निरोप गेला, तो धावत आला. आईवर ओरडायला तोंड उघडलं, तोच गोजरा पालथ्या अंगानं म्हणाली, "त्यांना बोलू नका. बसले मीच ना?"

मग भिवराबाईनं वसा घेतला. वाटी पाण्यावर सोडावी, बुडाली की सुनेला कूस द्यावी. जखम धुवावी, ओलं ते कोरडं करावं, सकाळ-संध्याकाळ निरखावं. आषाढात ताप उतरला. श्रावणात जखमेचा तळ लाल झाला. भादव्यात कडेनं कातडी धरू लागली. दसऱ्याच्या सकाळी भिवराबाईनं पाहिलं, पुन्हा पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. जखम भरली होती. मग मात्र ती सुनेच्या पाठीवर गाल टेकून पोटभर रडली.

डोळे पुसून म्हणाली, "गोजरे, पाय मागायचं मी सोडलं बघ. आता तुझ्यासाठी मागू तरी काय?"

"मागू नका काही. माझ्या पाठीला डोळे नाहीत, आत्याबाई. तुमचे द्या."

"दिले," भिवराबाई म्हणाली. "आहेत तोवर तुझेच."

वर्ष फिरलं. तेरावी नवमी आली. शेजारणी नेहमीसारखी तोंडं पाडून आल्या. भिवराबाई दारातच उभी राहिली. "रडायला आलात का जेवायला? रडायचं असेल तर आपापल्या घरी रडा. आत पुरण शिजतंय."

एक शेजारीण पदर चाचपत म्हणाली, "का गं, पाय आले का सुनेचे?"

"पाय नाही आले. सून राहिली. आजच्या दिवशी ती जायची, ती राहिली, म्हणून पुरण."

मग काय? शेजारणींनी पदर खोचले, पाट मांडले, पंगत बसली. बारा वर्षं या तिथीला गोजरेच्या पोटात काही गरम गेलं नव्हतं. तिनं एक पोळी खाल्ली, दुसरी मागून घेतली, तिसरीवर तुपाची धार धरायला लावली. सावकाश जेवली. हात धुऊन म्हणाली, "आत्याबाई, पुढच्या नवमीला श्रीखंड करा."

भिवराबाईच्या हातातली तुपाची पळी तशीच राहिली. त्या घरात पुढची नवमी कुणी मागितली, ती पहिल्यांदाच. म्हातारी म्हणाली, "करीन गं बाई. केशर घालून करीन."

जशी गोजरेची जखम तळापासून भरली, तशी तुमची आमची भरो. गेलेल्याचा घोर उतरो, राहिलेल्याची राखण होवो, आणि जिला पाठ दिसत नाही तिला बघणारं माणूस मिळो. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, सांगणारीला फळली, ऐकणारीला फळो, इथं संपूर्ण झाली.