घाटात तापलेली गाडी

संगमेश्वरच्या वासुदेवराव सुर्व्यांना, म्हणजे घरच्यांच्या आबांना, दोनच गोष्टींचा अभिमान होता: आपला शब्द आणि आपली जुनी विलायती गाडी. त्यांची लेक शलाका हिनं कॉलेज अर्ध्यावर सोडलं, तेव्हा त्यांचं नाक कापलं गेलं. वडीलधाऱ्यांची नाकं फार नाजूक असतात. लोकांच्या नजरेआड म्हणून ते तिला कायमचं कोल्हापूरला, आत्याकडे सोडायला निघाले.

आंबा घाटात, भर चढावर, गाडी बंद पडली. मागून आलेला जीपवाला डोकावून म्हणाला, "साहेब, भंगारात घाला आता."

"दोष नाही तिच्यात," आबा कडाडले. "चढाला इंजिन तापलं की पेट्रोल पुढे सरकत नाही. अशा वेळी नुसता स्टार्टर मारत बसायचं नसतं. निवू द्यायचं."

जीपवाला गेला. आबांनी पंचा भिजवून इंजिनातल्या पेट्रोलच्या पंपावर अलगद ठेवला आणि शेजारी दगडावर बसून राहिले.

शलाका बघत होती. इतक्या मायेनं त्यांनी तिच्या कपाळावर कधी हात ठेवला नव्हता.

"आबा, मीही चढावरच बंद पडले," ती म्हणाली. "मला मात्र तुम्ही स्टार्टर मारत राहिलात, आणि आता भंगारात घालायला निघालात."

आबा दगडावरून उठले. मग त्यांनी पंचा उचलला, पुन्हा भिजवून पिळला आणि तिच्या तोंडावरून फिरवला. त्याला पेट्रोलचा वास येत होता, तरी तिनं तोंड फिरवलं नाही.

गाडी सुरू झाली. आबांनी ती संगमेश्वरकडे वळवली.

"आत्याला काय सांगू?"

"सांग, आबा तापले होते. निवलेत आता."