शेठांच्या नातवाला दात येत होते

सोमवारी सकाळी बरोबर सव्वानऊला बांदेकरशेठ नातवाला कडेवर घेऊन आमच्या दारात उभे राहिले. मामंजींना, गावाच्या तात्यांना, जाऊन पंधराच दिवस झाले होते. लेथवर फिरणाऱ्या लाकडी खेळण्याला ते लाखेची कांडी दाबून धरायचे, ती तापून पसरली की केवड्याच्या पानाने चकाकी आणायचे. आता लेथ बंद होतं.

शेठांनी आपल्या कारखान्यातला लाल खुळखुळा काढला. "यावर तात्यांचं नाव आणि 'अस्सल लाखकाम' छापतो. या परवानगीच्या कागदावर सही करा."

"पण हा डब्यातला रंग," हे म्हणाले.

"अरे, झाडावरच्या किड्यांची ती लाख, हे जुनं झालं. आता चकाकतं त्याला लोक लाख म्हणतात. शब्द बदलला, तुम्हीपण बदला."

ह्यांनी मान खाली घालून पेन उचललं. शेठांच्या कडेवरचा नातू मूठ चघळत होता, दात येत होते त्याला. मी खुळखुळा त्याच्या हातात दिला. त्याने तोंडाकडे नेताच शेठांनी हिसकावला.

"अगो, रंग पोटात जाईल त्याच्या!"

"मामंजींचे खुळखुळे चघळत तुमचा मुलगा वाढला, शेठ. शब्द बदलला ना? मग हिसकावलात कशाला?"

ह्यांनी पेन खाली ठेवलं.

पोर रडायचं थांबेना, म्हणून माझ्या मुलीचा खुळखुळा दिला. मामंजींनी केलेला शेवटचा. तो पोराबरोबरच गेला. तसा दुसरा आता कोण करणार?

तुमच्या ओळखीतल्या लेकुरवाळींना एवढं सांगा, खेळण्यावर लाख लिहिलेलं असलं, तर विकणाऱ्याचं पोर ते चघळतं का, आधी बघा.