कोरा नमुना

“मग जैनाबूच्या आधी कोण, बेटा?”

मुरादबाबांनी तिसऱ्यांदा तेच विचारलं, तसा डॉक्टर हेरंब टिपणीस वैतागला.

“बाबा, किती वेळा सांगू? आधी कुणी नाही. कवडीबेटावरचा पहिला डेंग्यू होडीवस्तीतल्या जैनाबूच्या रक्तात सापडला. बाकीचे तीनशे बारा जण तिच्यानंतरचे.”

दर्ग्याच्या ओट्यावर त्यानं भलामोठा कागद पसरला होता. कागदावर एक झाड होतं, पण पानांच्या जागी माणसांचे क्रमांक होते.

डेंग्यूचा विषाणू म्हणजे साधारण पावणेअकरा हजार अक्षरांचा मजकूर. डासांवाटे एका अंगातून दुसऱ्या अंगात जाताना कधीमधी त्यातलं एखादं अक्षर चुकतं, आणि ती चूक पुढच्या सगळ्यांत उतरते. चुका जुळवत मागे गेलं, की रोग कुणाकडून कुणाकडे गेला ते उमगतं. हेरंबला हे काम उत्तम यायचं. आपल्याला ते उत्तम येतं हेही त्याला उत्तम ठाऊक होतं.

बेटावर याआधी डेंग्यू कधी नव्हता. आता चार महिन्यांत अकरा माणसं गेली होती आणि बेट पिसाळलं होतं. होडीवस्तीतले चाळीस जण या बेटावरून त्या बेटावर फिरणारे, तेव्हा रोग त्यांनीच आणला, असं पंचांनी ठरवून टाकलं. आज दुपारच्या भरतीला त्यांना बायकापोरांसकट होड्यांत बसवून हाकलायचं होतं. दोनच गोष्टी हव्या होत्या, डॉक्टरांचा शब्द आणि बाबांचा होकार.

बाबा मूळचे बाणकोटकडचे. इतक्या दूरच्या बेटावर मराठी बोलणारं दुसरं कुणी नाही, म्हणून हेरंब दर शुक्रवारी इथं यायचा. बाबांकडे शिकायला जातो असं सांगायचा. बोलायचा मात्र तोच.

बाबांनी कोपऱ्यातली एक करवंटी पुढे सरकवली. तीत पाणी होतं.

“जैनाबूच्या घरचं आहे. तिचा नवरा सकाळी ठेवून गेला.”

हेरंबला बेटाची रीत माहीत होती. कुणावर बोट ठेवायचं असेल, तर आधी त्याच्या घरचं घोटभर पाणी प्यायचं. मगच पंचांसमोर तोंड उघडायचं.

त्यानं करवंटीत डोकावून पाहिलं आणि हसला.

“यात आळ्या असतील बाबा. पाणी साठवू नका म्हणून मी बेटभर घसा फोडतोय, आणि तुम्ही मला हेच पाजताय? मी माझं आणलंय.”

पाठीवरच्या पिशवीतून त्यानं बाटली काढून ओट्यावर ठेवली.

“नको पिऊस,” बाबा म्हणाले. “तसंही तू ते प्यायलेला आहेस.”

“मी? कधी?”

“आलास तेव्हा. इथल्या तापांचा अभ्यास करायला म्हणून बोटीतून उतरलास आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःच तापानं फणफणलास. तुझ्या घराला अजून दार बसलं नव्हतं. म्हणून लोकांनी तुला या आतल्या खोलीत आणून टाकलं.”

“प्रवासाचा ताप होता तो. ऊन लागलं होतं.”

“पाच दिवस?”

हेरंब बाटलीचं झाकण फिरवत राहिला.

“डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणायचास. हाडं मोडतायत म्हणून रडायचास. तुला धड शुद्ध नव्हती. एक बाई उशाशी बसून चमच्यानं पाणी पाजायची, आपल्या घरून आणून. डास फार होते. ती ओढणीनं तुझ्यावर वारा घालायची. स्वतःला चावू द्यायची.”

“कोण बाई?”

“जैनाबू.”

…

हेरंबनं तिला नंतर एकदाच पाहिलं होतं. अठरा दिवसांनी, ती तापात पडली तेव्हा. त्याला बघून ती ओळखीचं हसली होती, काहीतरी बोललीही होती. त्याला तिची भाषा येत नव्हती. त्यानं मान खाली घालून तिच्या रक्ताची नळी भरली आणि वर क्रमांक टाकला. चौथ्या दिवशी ती गेली. बेटावरचा पहिला मृत्यू तिचा होता.

“मला कुणी सांगितलं नाही,” तो पुटपुटला.

“तू विचारलं नाहीस.”

बाबांना वाचता येत नव्हतं. पण त्यांचं बोट फिरत फिरत कागदाच्या अगदी तळाशी येऊन थांबलं. तिथं एक बारीक ओळ लाल शाईनं खोडलेली होती.

“आणि हे काय खोडलंयस?”

“ते… ते काही नाही. कोरा नमुना.”

“म्हणजे?”

“यंत्र नीट चालतंय का ते बघायला सोबत एक बिनरोगाचं रक्त लावतात. त्यात काही सापडता कामा नये. काम करणारा बहुतेक स्वतःचंच रक्त देतो. आमच्यातही रीतच आहे ती.”

“तुझं आहे हे?”

“हो.”

“कधी काढलंस?”

“सामानाची खोकी उघडली त्या दिवशी. काढून गोठवून ठेवलं होतं. नंतर जैनाबूच्या रक्तासोबत लावलं…” तो अडखळला. “इथंच काढलं. या खोलीत.”

“ताप होता?”

“उतरत आला होता.”

“मग? कोरं निघालं?”

हेरंबनं त्या लाल रेघेवर बोट टेकवलं.

“नाही. त्यातही तोच विषाणू सापडला. मला वाटलं, जैनाबूच्या नळीतला थेंब माझ्या नळीत उडाला. असं होतं कधीकधी. म्हणून मी… खोडलं.”

बोलता बोलताच त्याला ते दिसलं.

थेंब उडाला असता, तर अक्षरन् अक्षर तिचंच असतं. तसं नव्हतं. तिच्या मजकुरातल्या दोन चुका त्याच्या नमुन्यात नव्हत्या. त्या वेळी त्यानं यंत्राला शिव्या घालून विषय मिटवला होता. त्या दोन चुका तीनशे बाराही जणांत उतरल्या होत्या. फक्त एका नमुन्यात नव्हत्या.

म्हणजे तो नमुना तिच्या आधीचा होता.

गेले चार महिने तो दुभाषा घेऊन दारोदार फिरून लोकांना विचारत होता, तुमच्याकडे बाहेरून कोण आलं होतं? कुणाला ताप होता? एकाही दारात त्याला स्वतःची आठवण झाली नव्हती.

“बाबा… मी आणला.”

बाबांनी कागदावरचं बोट उचललं.

“अकरा माणसं, बाबा… आणि ती… ती मला पाणी पाजत होती…”

खाली किनाऱ्यावर थाळी वाजली. भरती आली होती. होडीवस्तीतल्या बायकांचा आक्रोश वर ओट्यापर्यंत ऐकू येत होता.

हेरंबनं खिशातून पेन काढलं. झाडाच्या मुळाशी, जैनाबूच्या क्रमांकाखाली, त्यानं स्वतःचं नाव लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. मग त्यानं घाईघाईनं करवंटीकडे हात नेला. आता त्याला आळ्या दिसत नव्हत्या. ते पाणी एका दमात पिऊन टाकावं आणि खाली धावत सुटावं, एवढंच त्याला सुचत होतं.

बाबांनी करवंटीवर तळवा ठेवला.

“आज बोट कुणावर ठेवायचंय?”

…

“माझ्यावर.”

बाबांनी त्याचीच बाटली त्याच्यापुढं सरकवली.

त्यानं झाकण उघडलं. बाटली तोंडाला लावली. स्वच्छ, उकळून गाळून घेतलेलं पाणी होतं ते. प्यायल्याशिवाय पंचांसमोर बोलता येणार नव्हतं, आणि तो बोलल्याशिवाय होड्या थांबणार नव्हत्या. थाळी दुसऱ्यांदा वाजली.

पाणी तोंडातच राहिलं. ओठांच्या कडांनी ओघळून सदऱ्यावर सांडलं. त्यानं पुन्हा घोट घेतला. पुन्हा तेच झालं.

“बाबा…” तो लहान मुलासारखा रडायला लागला. “उतरत नाही हो…”

बाबा गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि आतल्या खोलीच्या दाराशी थांबले.

“चमचा आणू, बेटा?”