बाद झालेल्याचा दगड

फार जुनी गोष्ट. एका माळावर एकच झरा होता आणि तोही दरडीच्या दगडांनी बुजला होता. पाण्यासाठी सगळ्यांना डोंगर उतरावा लागे. झरा कोणी उपसायचा, यावर म्हातारं कासव सात वर्षं सभा घेत होतं. ससे म्हणत, हे काम साळिंदरांचं. साळिंदर म्हणत, सशांचं. पिल्लं मात्र झऱ्याकाठी एकत्र लगोरी खेळत.

एका सकाळी कासव सभेला निघालं, तर झरा वाहत होता. ते पार गोंधळलं. "ठराव तर झालाच नाही. मग दगड काढले कोणी?"

"एक गडी कमी आहे आजोबा, खेळायला या," साळिंदराची पोर भिंगरी म्हणाली.

कासव खेळायला उभं राहिलं आणि पहिल्याच चेंडूला बाद झालं.

"बाद होईल त्याने झऱ्यातून एक दगड काढायचा. तुमच्या सभा संपेनात, म्हणून आम्हीच हा नियम केला."

कासव बराच वेळ पाण्यात चाचपडलं. "अगं, एकही दगड उरला नाही."

"मग उद्यापासून वाटेवरचा एक काटा उचलायचा."

कासवाने विचार केला. "हे सभेत मांडू का?"

"नको आजोबा," भिंगरी म्हणाली. "तुम्ही आधी पाणी प्या."