काचघरातली जुई

डोंगरांच्या कुशीत एक थंड राज्य होतं. तिथला हिवाळा इतका कडक, की उघड्यावर साधं केळीचं झाडसुद्धा तगत नसे. म्हणून राजाने वाड्यामागे एक काचघर बांधलं होतं. सागवानी चौकटी, त्यांत काचा आणि आत उबेला केळी, संत्री, लिंबं. या सगळ्याची देखभाल एक म्हातारा माळी करत असे.

माळ्याला एकच लेक होती. ती तापाने गेली. जाण्याच्या आदल्या वर्षी तिने काचघराच्या कडेला जुईची एक कांडी खोचली होती. ती कांडी रुजली, चौकटींना विळखे घालत छपरापर्यंत चढली. इतर झाडांशी माळी कामापुरतं बोले. जुईला मात्र तो घरातलं सगळं सांगत बसे. लोक हसत. लोकांना काय, हसायला निमित्तच हवं असतं.

एक दिवस वाड्याचा सुतार काचघरात डोकावला. तो माळ्याचा लहानपणापासूनचा दोस्त, जिभेने जरा फटकळ. त्याने खालच्या एका सांध्यावर पटाशीचं टोक टेकवलं, तर ते पिकल्या केळ्यात जावं तसं आत गेलं.

"कुजलंय रे हे," सुतार म्हणाला. "तू दिवसभर पाणी शिंपडतोस. त्याची वाफ काचेवरून ओघळते आणि सांध्यात मुरते. एवढा तुकडा कापून नवा बसवतो. जुईच्या तीन फांद्या तेवढ्या तोडाव्या लागतील, त्या इथेच गुंतल्यात."

माळ्याने वर पाहिलं. नेमक्या त्याच फांद्यांवर कळ्यांचे झुबके होते.

"कळ्या आल्यात. आत्ता नको. बहर सरू दे."

"लाकूड तुझ्या बहरासाठी थांबणार आहे होय?"

"नको म्हटलं ना!"

सुतार खांदे उडवून निघून गेला. माळ्याने मेणात भुसा कालवून तो सांधा बुजवला आणि वरून हिरवा रंग फासला. काम इतकं बेमालूम झालं, की दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःलाही ती जागा सापडली नसती. त्याला फार बरं वाटलं.

पण काचघराच्या उबेत जुईचा बहर सरेचना. एक ओसरतोय तोवर दुसऱ्या कळ्या हजर. सुतार पुन्हा आला, तेव्हा म्हणाला की आता अर्धी वेल उतरवावी लागेल. माळ्याने पुन्हा वर पाहिलं आणि पुन्हा तेच उत्तर दिलं.

तिसऱ्यांदा आला तेव्हा सुताराने चौकट नुसती ढकलली. ती हलली आणि वेलीचे विळखे करकरले.

"अरे, आता चौकटीने वेलीला धरलेलं नाही. वेलीनेच चौकटीला धरलंय."

माळी उलट खूश झाला. "बघितलंस? माझ्या पोरीची वेल! तुझ्या सागवानाहून चिवट निघाली!"

सुतार हसला नाही.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी जोराचा वारा सुटला. सांधा निखळला, चौकट कलली आणि तीन मोठ्या काचा खाली येऊन फुटल्या. बोचरी थंडी आत घुसली. दुपारपर्यंत केळी काळ्या पडल्या, संत्र्यांनी पानं टाकली. राजा येऊन बघून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "उरलेली झाडं मरायच्या आत हे उभं करा."

सुताराने चौकटीखालची तळाची तुळई उघडली. ती आतून पार भुसभुशीत झाली होती आणि जुईचं मूळ तिच्यात आरपार शिरलं होतं. तुळई काढायची तर जुई मुळासकट निघणार होती.

"दुसरा काही उपाय?" माळ्याने विचारलं.

"होता. तीन फांद्यांचा," सुतार बोलून गेला. मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

माळ्याने विळा त्याच्यापुढे धरला. "तूच काप. माझ्याने नाही होणार."

"माझ्या अंगाखांद्यावर खेळलीय रे ती पोर," सुतार म्हणाला. "माझा हात कसा उठेल?"

शेवटी माळ्यानेच कापली. प्रत्येक विळखा सोडवताना तो जुईची माफी मागत होता. त्याने काही कांड्या कुंडीत लावून पाहिल्या, पण थंडीने गारठलेल्या त्या कांड्यांतली एकही पुढे जगली नाही.

वेल निघाली त्याच दिवशी नवी तुळई बसली, काचा लागल्या, काचघर पुन्हा उबदार झालं. बाहेर तोडलेल्या वेलीचा ढीग पडला होता. संध्याकाळ झाली तशा त्या ढिगातल्या कळ्या नेहमीसारख्या उमलल्या. त्यांना काहीच कळलं नव्हतं. माळी ढिगाशेजारी बसून होता. बोलायला आता कुणी उरलं नव्हतं.

तात्पर्य: कुजलेलं वेळेवर कापताना थोडं आपल्या जिवाभावाचंही कापावं लागतं. तेवढं दुःख जो टाळत राहतो, त्याला पुढे सगळंच कापावं लागतं, आणि तेही स्वतःच्याच हाताने.